मळ्यातली उमेदवारी

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी दर शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास एक टेंपो येऊन उभा राहतो. त्यातून कापडी पिशव्या उतरतात. प्रत्येक पिशवीला घराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचलेली असते आणि ज्याची त्याला ती पोचली, अशी खूण वहीत करायला मी उभा असतो. मध्यंतरी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मेथीची जुडी नाकाशी नेली, मग माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "खरं सांगा हं, ही भाजी बिनविषाची असते ना? की नुसती पिशवीच कापडाची?"

मला हसू आलं, कारण सदतीस वर्षं बँकेत मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलो होतो. फक्त तिथं विषय म्हशीचा असायचा. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून घेतलेली म्हैस खरंच गोठ्यात आहे ना, मेली म्हणतोस तर कानातला बिल्ला कुठाय, हे विचारत मी गावोगाव हिंडलो. आता तोच संशय माझ्या वाट्याला आला. बाईंना मी म्हटलं, "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मळ्यावर या. जिथं हात लावाल तिथली माती दाखवतो." बाई आल्या नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. पण भाजी घेतात. म्हणजे प्रश्न शेवटी विश्वासावरच येऊन थांबला.

हा मळा माझा नाही. जुन्नर तालुक्यातली साडेतीन एकर जमीन माझ्या थोरल्या भावाची. तो २०१७ साली गेला. मी नोकरीमुळे गाव सोडलेला, त्यामुळे जमीन कोणाला तरी वाट्यानं देऊन टाकावी, असं घरात ठरत आलं होतं. पण माझ्या पुतणीनं, जी कृषी पदवीधर आहे आणि चार वर्षं एका बियाणं कंपनीत नोकरी करत होती, राजीनामा दिला आणि ती गावी जाऊन राहिली. पहिली दोन वर्षं तिनं जमीन सावरली. ताग पेरून गाडला, शेणखत टाकलं, बांधावर शेवगा आणि गिरिपुष्प लावलं. २०१९ सालापासून ती दर जूनमध्ये आसपासच्या गावांतली सहा-सात मुलं-मुली दहा महिन्यांसाठी ठेवून घेते आणि त्यांना सेंद्रिय भाजीपाला शिकवते. मधलं २०२० साल तेवढं टाळेबंदीत गेलं. पण गंमत अशी की, आमची गिऱ्हाइकं जमली ती त्याच वर्षी. मंड्या बंद, लोक घरात, आणि कुणीतरी दाराशी भाजी आणून देतंय म्हटल्यावर फोनावर फोन आले. मी २०२१ साली निवृत्त झालो तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, कादंबऱ्या लिहायला सकाळ पुरते. दुपारी माझा हिशोब बघाल का?" तेव्हापासून मी या मळ्याचा बिनपगारी कारकून आहे.

मी हे काम पत्करलं त्यामागं थोडी जुनी बोचही होती. १९८४ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत ग्रामीण विकास अधिकारी म्हणून मी रुजू झालो, तेव्हा पीककर्जाचे दोन भाग असायचे. एक रोख, दुसरा वस्तुरूप. वस्तुरूप म्हणजे खत आणि औषध. ते शेतकऱ्यानं उचललंच पाहिजे, असा दंडक. एखादा म्हातारा म्हणायचा, "साहेब, माझ्याकडं शेणखत हाय, युरियाचे पैसे रोखीनं द्या." मी नियमावर बोट ठेवायचो. त्यात मी काही पाप केलं असं मला आजही वाटत नाही. पन्नास-साठच्या दशकांत परदेशी गव्हावर दिवस काढलेल्या देशाला रासायनिक खतानं आणि नव्या बियाणांनी धान्य दिलं, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण शेणखत असलेल्या माणसालाही युरिया घ्यायला लावणारी व्यवस्था आम्हीच चालवली आणि तिची सवय दोन पिढ्यांना लागली, हेही खरं.

दुसऱ्या टोकाची सक्ती काय करते, तेही आपण पाहिलं. श्रीलंकेनं २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. सहा-सात महिन्यांत भाताचं आणि चहाचं असं काही बिनसलं, की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. जमिनीला सेंद्रिय व्हायला वेळ लागतो. आपल्याकडच्या प्रमाणीकरणाच्या नियमातही हंगामी पिकांसाठी दोन वर्षांचा रूपांतराचा काळ धरलेला आहे, तो उगाच नव्हे. त्यामुळे 'सगळा देश उद्यापासून सेंद्रिय' असं कुणी म्हणू लागलं, की मी मुकाट्यानं विषय बदलतो. पण ज्याला २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन मेलेले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर आठवतात, त्याला 'चाललंय ते ठीक' असंही म्हणता येणार नाही. शहराजवळचा भाजीपाला हा या दोहोंमधला एक लहानसा, पण शक्य असलेला तुकडा आहे. मी त्याच तुकड्याबद्दल लिहितो आहे.

आता मुलं शिकतात काय, ते सांगतो. पहिले पंधरा दिवस ती काहीच शिकत नाहीत, नुसती दमतात. शेतकऱ्यांचीच मुलं असतात, पण बारावीपर्यंत शाळा, मग कॉलेज, मग पुण्याच्या सदाशिव पेठेत एखाद्या खोलीत पाच जणांत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, असं करून आलेल्या पोराला उकिडवं बसून तासभर खुरपता येत नाही. गेल्या तुकडीतल्या एकाला तर शेजारच्या बायकांनी हसून हसून बेजार केलं. तो ओळ संपवेपर्यंत त्यांच्या तीन झालेल्या. पुतणी या काळात काही बोलत नाही. ती म्हणते, "पाठ दुखल्याशिवाय तणाचा राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय आच्छादन कशाला करायचं ते कळत नाही." सोळाव्या दिवशी ती उसाचं पाचट आणून गादीवाफ्यांवर पसरायला लावते. मग महिन्याभरानं आच्छादन केलेला वाफा आणि उघडा वाफा शेजारी शेजारी खुरपायला देते. फळ्यावर लिहून जे दहा तासांत शिकवता आलं नसतं, ते तिथं अर्ध्या तासात कळतं.

मग जीवामृत येतं. सुभाष पाळेकरांमुळे त्याची कृती आता खेडोपाडी पाठ झाली आहे. दोनशे लिटर पाण्यात देशी गाईचं दहा किलो शेण, दहा लिटरच्या आसपास गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मुलांना हे ढवळायला आवडतं. त्यात काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण पुतणी त्यांना लगेच बजावते की, हे खत नव्हे, विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण घालून काय होणार? दूध म्हणजे जमिनीतला काडीकचरा. त्यासाठी मळ्याच्या कोपऱ्यात नाडेपची टाकी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, जाळीदार विटांची. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरं या टाकीला चिकटली आहेत, हे सांगितल्यावर मुलांना नवल वाटतं. त्यांना वाटत असतं, नाडेप हे एखाद्या जपानी माणसाचं नाव असावं! आपल्याकडच्या गोष्टीला परदेशी नाव असलं की ती पटते, ही जुनीच खोड. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला बसून कंपोस्टची पद्धत बांधली, ती भारतीय शेतकऱ्याकडून शिकत शिकत, आणि पुढं आपण ती विलायतेतून आलेली म्हणून वाचली. असो.

खरा अभ्यास किडीचा. टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी येणार हे ठरलेलं, म्हणून कडेनं झेंडू, बाहेरून मका. २०१४ पासून आपल्याकडं आलेली ती टुटा नावाची नागअळी पानाच्या आत शिरून कागदासारखे पट्टे पाडते. तिच्यासाठी कामगंध सापळे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट पत्रे. निंबोळी अर्क पाच टक्के, तो संध्याकाळी मारायचा. पण या सगळ्याआधी एक काम असतं, जे मुलांना मुळीच आवडत नाही. रोज सकाळी सहाला प्रत्येकानं आपापल्या वाफ्यातली वीस झाडं पानं उलटून पाहायची आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. 'काही नाही' दिसलं तर 'काही नाही' असं लिहायचं. पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या वह्यांत 'काही नाही' असतं. तिसऱ्या महिन्यात एखादी मुलगी लिहिते, 'पाचव्या झाडावर अळीला दुसऱ्या एका किड्यानं धरलं आहे, म्हणून आज फवारणी नको.' ती वही पुतणीनं मला दाखवली तेव्हा मी तिच्यावर सही केली. बँकेत असतो तर बढतीची शिफारस केली असती.

श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारात नेमकं हेच केलं होतं. ते गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यानं स्वतः मोजावं, स्वतः नोंद करावी आणि आपला प्रयोग दुसऱ्या शेतकऱ्याला सांगावा, एवढ्यावर त्यांनी महाराष्ट्रात द्राक्षबागायतदारांची एक शिकती पिढी उभी केली. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तोही शाळेत न रमलेल्या मुलांना हातानं काम करत शिकवायला. आमच्या मळ्यापासून पाबळ फार लांब नाही. म्हणजे वाट कुणीतरी आधीच पाडून ठेवलेली आहे. आम्ही तिच्यावरून चालतो आहोत एवढंच.

इथवर वाचून कुणाला वाटेल, छान चाललंय की! म्हणून आता वही उघडतो. नव्वद घरं, आठवड्याला चारशे रुपयांची पिशवी, वर्षातले चव्वेचाळीस आठवडे. उन्हाळ्यातले काही आठवडे आणि अतिवृष्टीचे दिवस भाजी पुरत नाही, म्हणून बावन्न धरता येत नाहीत. जमा झाली पंधरा लाख चौऱ्याऐंशी हजार. आता खर्च. तीन बाया आणि एक गडी यांची मजुरी चार लाख वीस हजार. टेंपो दीड लाखाच्या वर. बी, शेणखत, पेंड, रोपांचे ट्रे, सापळे मिळून दोन लाख. ठिबकची दुरुस्ती, वीज आणि किरकोळ साठ हजार. उमेदवारी करणाऱ्या मुलांना महिन्याला पाच हजार विद्यावेतन आणि जेवणखाण. सहा मुलांचे दहा महिन्यांचे झाले पाच लाख दहा हजार. उरतात दोन लाख चाळीस हजार, म्हणजे पुतणीला महिन्याला वीस हजार. बियाणं कंपनीत ती याच्या दुपटीहून अधिक मिळवत होती. आणि यात मी विहिरीच्या मोटरीची झीज धरलेली नाही. बँकेत माझ्यासमोर असा ताळेबंद आला असता तर मी शेरा मारला असता, 'प्रकल्प तग धरून आहे, वाढीस वाव नाही.'

मुलं नसती तर? तर पुतणीनं आणखी दोन बाया कामाला लावल्या असत्या आणि दोन लाख दहा हजारांत काम भागलं असतं. म्हणजे सहा मुलांना शिकवण्याचा निव्वळ खर्च तीन लाख. माणशी पन्नास हजार. हा पन्नास हजारांचा आकडा मी मुद्दाम मांडतो आहे, कारण खरी गोम इथंच आहे. हा खर्च कुणी सोसायचा? गिऱ्हाइकानं म्हणावं तर तो भाजी विकत घेतो, दान देत नाही. मुलांनी म्हणावं तर ज्यांच्या बापांनी क्लासची फी भरून झाली आहे, त्यांच्याकडं आता काही उरलेलं नाही.

एक सोपा मार्ग आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी चालतो. मुलांना विद्यावेतन द्यायचंच नाही. 'शिकायला मिळतंय ना?' म्हणायचं, दोन वेळचं जेवण घालायचं आणि मजुरी वाचवायची. परदेशातही सेंद्रिय शेतांवर राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम करायची पद्धत आहे. इंग्लंडात ती १९७१ पासून रुळली. पण तिथं येणारा बहुधा हौसेनं आलेला असतो, चार आठवड्यांनी घरी जाणारा. आमच्याकडं येणाऱ्या मुलाच्या घरी त्याचे पाच हजार मोजले जातात. पुतणीनं पहिल्याच वर्षी ठरवलं, पैसे द्यायचे. मी तेव्हा विरोध केला होता. आता करत नाही.

सरकारचं काय, असं विचाराल. योजना आहेत, आणि त्या वाईट नाहीत. २०१५ ची परंपरागत कृषी विकास योजना आहे, गटानं प्रमाणीकरण करून घ्यायची सहभाग हमी पद्धत आहे. आमचाही सात शेतकऱ्यांचा गट तिच्यात आहे आणि आम्ही एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २४८१ कोटींची मंजुरी दिली, एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोचायचं उद्दिष्ट ठेवून. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांचं मूळ कर्नाटकात उजिऱ्याला. धर्मस्थळाच्या डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी १९८२ साली दोन बँकांना बरोबर घेऊन ते रोवलं, आणि माझ्या उमेदीच्या काळात आम्ही त्याचे गोडवे गात असू. पण यातलं बहुतेक प्रशिक्षण दिवसांत मोजलं जातं. सात दिवस, दहा दिवस, फार तर महिना-दीड महिना. भेंडी पेरल्यापासून पहिल्या तोडणीलाच दीड महिना लागतो! ज्यानं एक पावसाळा, एक थंडी आणि निदान अर्धा उन्हाळा वाफ्यावर काढला नाही, त्याला भाजीपाला येतो असं प्रमाणपत्र द्यायचं म्हणजे पोहणं काठावर शिकवल्यासारखं आहे. दहा महिने शेतकऱ्याच्या मळ्यावर राहून शिकणाऱ्या मुलाला आणि शिकवणाऱ्या शेतकऱ्याला पैसे मिळतील, असा खाना मला तरी कुठल्या अर्जात सापडला नाही. हजेरीपट, छायाचित्रं, चहापाण्याची बिलं यांचे खाने सापडले.

आणि शिकून मुलं जातात कुठं? पाच तुकड्यांत मिळून एकतीस जण आले. पाच मध्येच सोडून गेले. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढं गेलं, तेव्हा दोघं एका रात्रीत निघून गेले. घरी टोमॅटो लावायला. त्यांचं पीक हाती येईतो भाव कोसळलेला होता. अकरा जण नोकरीला लागले. चाकणच्या कारखान्यांत, गोदामांत, एक पोलिसात. सहा जण रोपवाटिकांत नाहीतर शेतकरी कंपन्यांत काम करतात. आणि नऊ जण स्वतःच्या जमिनीवर भाजी करतात. एकतीसमध्ये नऊ. पुतणी म्हणते, पुष्कळ झाले. मला सुरुवातीला ते कमी वाटले होते, पण त्या बाकीच्यांशी बोललो तेव्हा कळलं की मुलांना शेती नको आहे हे आपण शहरातले लोक समजतो तितकं खरं नाही. त्यांच्या हातात जमीनच नाही.

महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणा एक हेक्टर चौतीस गुंठे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. सातबारा बापाच्या नावावर, कधी कधी अजून आजोबांच्या. बाप पन्नाशीचा, धडधाकट. त्याला सोयाबीन आणि कांदा कळतो. मुलगा येऊन म्हणतो, 'दहा गुंठ्यांत मी खत-औषध न घालता भाजी करतो.' बाप म्हणतो, 'खुळा झालास का?' बँकेकडं जावं तर सातबारा नाही, म्हणून पीककर्ज नाही. मी स्वतः असे अर्ज परत केलेले आहेत, नम्रपणे. पंचविशीचा तरुण स्वतःच्या घरात सालगडी होऊन राहतो. वर लग्न जमत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता, आठवत असेल. वर्तमानपत्रांनी ती गमतीची बातमी म्हणून छापली. आमच्या मळ्यावर त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

मुलींचं आणखी वेगळं. एकतीसमध्ये आठ मुली होत्या, आणि माझ्या वहीप्रमाणे नोंदी ठेवण्यात त्याच पुढं. पण स्वतःची शेती करणाऱ्या नवांत मुलगी एकच, तीही सासरच्या जमिनीवर. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हक्क दिला, देशानं २००५ साली. पण गावोगाव हक्कसोडपत्रावर सह्या होतातच. लग्नात खर्च केला, आता भावाशी वाईटपणा नको. एका मुलीनं मला विचारलं होतं, "नाना, सही नाही केली तर माहेर तुटतं. केली तर शिकलेलं वाया जातं. तुम्ही काय केलं असतं?" माझ्या दोन्ही बहिणींनी आमच्या या साडेतीन एकरांवरचा हक्क सोडलेला आहे, हे मी तिला सांगू शकलो नाही.

आता जे सांगणार आहे ते पुतणीला विचारून सांगतो आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एका सप्टेंबरात सलग नऊ दिवस पाऊस लागला. पालेभाजी सडली, टोमॅटोला करपा, दोडक्याचा मांडव आडवा. शुक्रवारी तोडणी झाली तेव्हा पिशवी अर्धीही भरेना. महिन्याचे पैसे लोकांनी आगाऊ दिलेले. मी हिशोब केला आणि म्हटलं, एक आठवड्याचा प्रश्न आहे. नारायणगावहून टोमॅटो, कोबी आणि काकडी आणून भरू. सत्तर टक्के आपलं, तीस टक्के बाहेरचं. पुढच्या आठवड्यात सरळ होईल. कोणाला कळणार आहे? हे मी म्हटलं. ज्यानं म्हशीचे कान तपासले त्यानं. पुतणी गप्प राहिली. तिला माझ्या वयाची भीड पडली असावी. टेंपोवाल्याला फोन लावायला मी उठलो, तेव्हा त्या वर्षी वही लिहायचं काम जिच्याकडं होतं, ती ओतूरकडची मुलगी म्हणाली, "नाना, मग ते तीस टक्के कुठल्या खान्यात लिहू?"

आमच्या वहीत असा खाना नाही. कुठल्या वाफ्यातून, कोणत्या तारखेला, किती किलो, एवढेच खाने आहेत. गटातल्या इतर सहा शेतकऱ्यांपुढं ती वही ठेवायची असते. मी परत खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या पिशव्या गेल्या आणि प्रत्येकीत मुलांनी हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. पाऊस काय झाला, काय सडलं, पैसे पुढच्या महिन्यात वळते करू. चौदा घरांनी पिशवी बंद केली. एका गृहस्थांनी मला गाठून सांगितलं, "अहो, चिठ्ठ्या कसल्या पाठवता, जरा मंडईतून आणून भरायचं होतं!" चौदांपैकी सहा दिवाळीनंतर परत आली. बाकीच्यांच्या जागी नवीन मिळवायला पुढचा जून उजाडला. त्या वर्षी पुतणीनं चार महिने स्वतःसाठी काही उचललं नाही. मुलांचे पाच हजार मात्र दिले. वहीत ते सगळं आहे.

म्हणून कुणी मला विचारतं, सेंद्रिय भाजी महाग का? तर मी सांगतो, त्यात तणाचा खर्च आहे, पावसाचा आहे आणि वही लिहिणाऱ्या मुलीचाही आहे. प्रमाणपत्राचा शिक्का त्यामानानं स्वस्त पडतो. बाजारात 'सेंद्रिय' म्हणून जे विकलं जातं त्यातलं किती खरं, याची शंका मुख्याध्यापिकाबाईंना आली ती रास्तच होती. मोह कुठल्या शुक्रवारी आणि किती साध्या माणसाला पडतो, हे मला आता ठाऊक आहे.

यंदाच्या पाडव्याला, सुरुवातीला ज्याला बायका हसल्या होत्या तो मुलगा घरी आला. वडिलांनी त्याला वीस गुंठे दिले आहेत, मुरमाड, विहिरीपासून लांबचे, आणि एका सालापुरते. नाही जमलं तर परत कांदा. त्याला ठिबक आणि पाइपलाइनसाठी चाळीस हजार हवे होते. सातबारा नाही, तेव्हा बँकेचा प्रश्नच नाही. गावच्या पतसंस्थेत दोन जामीनदार मागितले आहेत. एक पुतणी झाली होती. दुसऱ्या जागेसाठी तो माझ्याकडं आला आणि चहा संपेपर्यंत विषय काढायचं त्याला धाडस होईना.

सदतीस वर्षं मी आल्यागेल्याला एकच सल्ला दिला, काहीही करा पण कोणाला जामीन राहू नका. घरातही हा सल्ला इतक्यांदा झाला आहे की आमच्या सौभाग्यवती तो माझ्याआधी म्हणून दाखवतात. मी फॉर्म मागितला, अक्षर न् अक्षर वाचला, व्याजाचा दर कुठं लिहिला आहे ते त्याला दाखवलं, दोन ठिकाणी त्याच्याकडून दुरुस्ती करून घेतली आणि सही केली. त्याच्या वीस गुंठ्यांत आता दोडक्याचे वेल मांडवाला लागले आहेत. पहिला हप्ता त्यानं वेळेवर भरला.

घरी मात्र अजून सांगितलेलं नाही. ही पुरवणी आमच्याकडं ती माझ्याआधी वाचते.